आई वळणावर झुकत नाही

२ फेब्रुवारी, रविवार

मला लिहायची सवय नाही. शाळा सुटली तेव्हाच निबंधही सुटले. पण परवापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही आणि ती कुणापुढे काढायची सोय नाही, म्हणून लेकीच्या जुन्या वह्यांतली एक कोरी घेऊन बसलेय.

शुक्रवारी सकाळी शाळेची बस घेऊन पाण्याच्या टाकीपाशी वळत होते. तिथं तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकायचा असतो. रोजचंच काम, हात आपला आपण जातो. परवा गेला नाही. स्टिअरिंगवरच बसून राहिला, जसं काही त्याला कुणी सांगितलंच नाही. मी वळून त्याच्याकडे बघितलं तेव्हा कुठे हलला. तेवढ्यात बस वळणाबाहेर गेली आणि समोर सायकलवाला. ब्रेक लागला म्हणून वाचला. मुलं पुढच्या सीटांवर आदळली, कुणाची तरी पाण्याची बाटली माझ्या पायापर्यंत गडगडत आली.

"अगं, झोप लागली का तुला!" मावशी मागून ओरडल्या. मावशी म्हणजे मुलांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या आमच्या मदतनीस. त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

कुणाला लागलं नाही. पण मुलांना सोडून बस आमच्या गाड्यांच्या आवारात लावली तेव्हा मांडीवरचा डावा हात हलत होता. अंगठा बोटावर घासत होता, सुईत ओवायला दोऱ्याचं टोक वळतात तसा. घाबरल्यावर हात थरथरतात हे माहीत होतं. एकच थरथरतो हे माहीत नव्हतं.

गिअर कडक झालाय. उद्या मेकॅनिकला सांगायचं.

आज रविवार, म्हणून जेवण झाल्यावर नेहमीप्रमाणे टीव्हीवर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ. आमच्या घरी जिंकण्यापेक्षा एकमेकांना बघण्यातच मजा जास्त. हे शिंपी आहेत. गाडी पळायला लागली की यांचा पाय जमिनीवर शिलाई मशीन चालवल्यासारखा वरखाली व्हायला लागतो आणि ओठ असे आवळले जातात, जणू तोंडात टाचण्या धरल्यात. भिंगरी, म्हणजे आमची लेक, शर्यत सुरू झाली की श्वासच घेत नाही. पायाची बोटं आत वळवते आणि शेवटची रेघ ओलांडली की फुगा सुटल्यासारखी फुस्स करते. पंधरा वर्षांची घोडी, पण तेवढ्यापुरती पाचाची होते.

माझा तमाशा मात्र सगळ्यांत मोठा. वळण आलं की मी अख्खी कलंडते. भिंगरी माझ्या बाजूला उशी लावून ठेवते, नाहीतर मी तिच्या अंगावर पडते. पूल आला की मान खाली घालते. जीभ बाहेर. जो गिअर त्या खेळात नाहीच तो टाकायला हात कंट्रोलर सोडून हवेत जातो. वर टीव्हीतल्या गाड्यांना "बाजूला व्हा हो, लेकरं आहेत गाडीत!" असं ओरडते. मला यातलं काही कळत नाही. हे दोघं पोट धरून हसतात तेव्हा कळतं.

आज कुणी हसलं नाही. खेळ संपल्यावर भिंगरी म्हणाली, "आई, आज तू चक्क शहाण्यासारखी बसलीस."

शुक्रवारचं डोक्यात असणार. दुसरं काय.


६ फेब्रुवारी

मेकॅनिक म्हणतो गिअरला काहीही झालेलं नाही. त्याचं त्यालाच माहीत.

आज बसमधली एक छोटी उतरताना थांबली. "ड्रायव्हरकाकू, तुम्ही आमच्यावर रागावलात?"

"नाही गं. का?"

"तुम्ही हसतच नाही."

मी तर तिच्याकडे बघून हसत होते! निदान मला तरी तसं वाटत होतं.

घरी यांचंही काहीतरी बिनसलंय. संध्याकाळी बाजारात गेलो तर हे माझ्या मागून चालत होते. आधी कधी असं नव्हतं, बरोबरीनं चालायचे, उलट माझ्यापेक्षा दोन पावलं पुढेच. थांबून म्हटलं, "या की पुढं," तर म्हणाले, "तू चाल, मी आहे." माझ्याबरोबर चालायची लाज वाटते की काय? येताना पिशवी घ्यायला गेले तर मुद्दाम डाव्या हातात दिली. "या हातानं धर," म्हणाले. मी धरली. थोडं चाललो, तर लगेच काढून घेतली. एवढीशी पिशवीसुद्धा मला जमत नाही, असं दाखवायचं असेल.

मावशींनी यांना सायकलवाल्याचं सांगितलंय, हे नक्की. एवढी मोठी बस मी चालवावी हे यांना आधीपासून पसंत नव्हतंच, असं मला उगाच वाटायला लागलंय. खरं म्हणजे लायसन काढायला हेच माझ्याबरोबर रांगेत उभे होते.


९ फेब्रुवारी, रविवार

आज भलतंच झालं.

पुढच्या महिन्यात यांचा वाढदिवस आहे. भिंगरीच्या डोक्यात आलं की खेळताना आपण तिघं कसे दिसतो त्याचं चित्रीकरण करायचं आणि त्या दिवशी सगळ्यांना दाखवायचं. हे बाहेर गेले होते. तिनं पुस्तकांच्या टेकूवर फोन उभा केला. आधी स्वतःचं घेतलं, मग मला बसवलं.

मी खेळले. गाडी दोनदा भिंतीवर आदळली, कारण अंगठा वेळेवर फिरेना. संपल्यावर भिंगरी फोनकडे बघत म्हणाली, "आई, तू काही करतच नाहीस."

"म्हणजे?"

"झुकत नाहीस. ओरडत नाहीस. पुतळ्यासारखी बसलीयेस. नेहमीसारखी खेळ ना!"

आता नेहमीसारखी म्हणजे कशी, हे मला काय माहीत? मी ते कधी बघितलंय? तरी म्हटलं पोरीचा हिरमोड नको. परत सुरू केलं. वळण आलं की मनात म्हणायचे, चला, आता झुका. मग झुकायचे. तोवर वळण संपलेलं असायचं. जीभ आठवणीनं बाहेर काढली. "बाजूला व्हा हो," म्हटलं, पण ते बोलणं पाठ केल्यासारखं वाटलं, माझं मलाच.

भिंगरी हसायला लागली आणि मध्येच थांबली. "राहू दे आई. ही ॲक्टिंग वाटते."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि ओट्याला धरून उभी राहिले. जे कधी मी करत नव्हतेच, आपोआप व्हायचं, ते गेलं कुठं? कोण करत होतं ते? आणि बसमध्ये जे आपोआप होतं, त्याचं काय? क्लच, गिअर, आरसा, ब्रेक. त्यातलं ठरवून काय करते मी?

चाळीस लेकरं असतात माझ्या मागे.


११ फेब्रुवारी

दूध करपलं. भिंगरी शाळेतून येताना जिन्यातच ओरडली, "आई, काय जळतंय?" मी शेगडीसमोर उभी होते. मला वास आला नाही. सर्दी झाली असेल, पण नाक तर मोकळं आहे.

डावा खांदा दुखतोय. औषधांच्या दुकानातून मलम आणलं. सगळं त्या खांद्यापायीच असणार. खांदा आखडला की हात जड होतो, हात जड झाला की गिअरला उशीर. लावलं की बरं वाटेल. वाटलंच पाहिजे.


१४ फेब्रुवारी

बस चालवताना आता मी सगळं स्वतःशी पुटपुटते. क्लच. दुसरा. आरसा. वळण. मावशी विचारतात, "जप करतेस का गं?" मी हो म्हणते. शाळेच्या फाटकात पोचेपर्यंत अंगातला सदरा घामानं भिजलेला असतो. शेवटचं मूल उतरलं की आधी सुटल्यासारखं वाटतं, आणि लगेच आठवतं की दुपारी परत आणायचंय.

काल भिंगरी मागून डोकावली. "आई, काय लिहितेस? एवढंसं? मुंग्या चालल्यासारखं!" पेन बदललं. मुंग्या तशाच चालतात.

आज सकाळी युनिफॉर्मच्या बाह्यांची बटणं लागेनात. यांनी न विचारता येऊन लावून दिली. मी भडकले. "मी लहान बाळ आहे का?" यांनी शेवटचं बटण लावूनच हात काढला. दुपारी मी घरी आले तर माझ्या दुसऱ्या शर्टांची बटणं काढून त्यांनी दाबायची टिचबटणं लावून ठेवलेली. दुकानात गिऱ्हाइकांचं काम पडलंय आणि यांना हे सुचतं. "डॉक्टरकडे जाऊन येऊ," एवढंच म्हणाले.

"खांद्यासाठी कोण डॉक्टरकडे जातं?"

"खांद्यासाठी नाही."

"मग कशासाठी?"

हे टाचण्यांच्या डबीतल्या टाचण्या एका बाजूला लावत बसले. मीही विषय वाढवला नाही. डॉक्टर काय, कागदावर काहीतरी लिहून मोकळा होतो. मग माझं लायसन? मग मी कोण? यांना मला घरी बसवायचंय, बस्स.


१६ फेब्रुवारी, रविवार

भिंगरी सकाळपासून खोलीचं दार लावून होती. जेवायला आली तर डोळे सुजलेले. मी विचारलं, "कुणी काही बोललं का?" तिनं मान हलवली. मग फोन माझ्या पुढ्यात ठेवला आणि तिच्या बाबांकडे बघितलं.

"तुम्ही पण बघा बाबा."

तिच्याकडे मागच्या वर्षीचं एक चित्रीकरण होतं, असंच सहज घेतलेलं. ते तिनं वर लावलं होतं आणि गेल्या रविवारचं खाली. दोन्हींत मी.

वरची मी वळणावर सोफ्याच्या हातावरून जवळजवळ बाहेर लोंबकळत होते. कोपर पंखासारखं उडत होतं. जीभ नाकाला लागायची बाकी. मी स्वतःला असं पहिल्यांदाच बघितलं आणि मला हसू फुटलं. कुठल्या तरी बाईला वेड लागलंय, असं वाटलं.

मग नजर खाली गेली.

खालच्या बाईचा चेहरा हलत नव्हता. पापणीसुद्धा क्वचित. तिचा डावा हात पोटाशी दुमडलेला, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा. उजव्या वळणाला ती जराशी तरी कलायची. डाव्याला काहीच नाही. आणि ती ठरवून झुकली ना, तेव्हा तर बघवेना. कपाटातून फळी काढावी तशी.

"मी चेष्टा करत होते आई," भिंगरी रडायला लागली. "मला वाटलं तू कंटाळलीस."

हे उठले आणि माझ्यापुढे खाली बसले, गिऱ्हाइकाच्या पँटचं माप घेताना बसतात तसे. "चालताना तुझा हात हलत नाही," म्हणाले. "दिवाणखान्यात नाही, बाजारात नाही. मी मागून बघतोय. पिशवी दिली तर हात ताणून तरी राहील असं वाटलं. डावी बाही वर राहते तुझी. मी माप दोनदा घेतलं. बाही बरोबर आहे, हात दुमडलेला असतो."

"मग बोलला का नाहीत?"

"भीती वाटत होती," हे म्हणाले. इतक्या वर्षांत यांच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. "बोललो की ते खरं होईल असं वाटायचं."

आणि मी यांना काय काय समजत होते.


२० फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. तिघंही गेलो. कधीपासून, कसं, हे सांगताना माझी जीभ अडखळली, तेव्हा भिंगरीच म्हणाली, "आई खेळताना झुकायची. आता झुकत नाही." मला वाटलं बाई हसतील. त्या म्हणाल्या, "दाखव बरं."

वरचं बघून त्या खरंच मोठ्यानं हसल्या. खालचं बघताना हसू ओसरलं. "परत लाव," म्हणाल्या. मग आणखी एकदा.

मग मला अंगठा आणि बोट भरभर आपटायला लावलं. उजवा हात टकटक करत राहिला. डावा सुरू झाला आणि हळूहळू लहान होत थांबला. दवाखान्याच्या बोळातून चालायला लावलं. मनगट धरून हात फिरवून बघितला. एका बाटलीचा वास घ्यायला दिला, मी म्हटलं पाणी आहे. हे तोंड फिरवून खिडकीकडे बघायला लागले. ती कॉफी होती.

बाईंनी आजाराचं नाव सांगितलं. पार्किन्सन्स. आणखी काही तपासण्या करायच्यात, पण त्यांना तेच वाटतंय. औषध आहे, त्यानं बरंच सावरतं, वर्षानुवर्षं लोक कामं करतात, असं त्या सांगत होत्या. मला ऐकू येत होतं, पण अर्थ लागत नव्हता. मध्येच म्हणाल्या, "आपण न ठरवता जे करतो ना, ते बऱ्याचदा आधी कमी होतं. चालताना हात हलणं, हसू येणं. लोकांना वाटतं हा माणूस रागावलाय."

"बस?" मी विचारलं.

"आत्ता नाही. औषध कसं लागू पडतं ते बघू, मग रीतसर चाचणी घेऊ. तोवर नाही. मुलं असतात ना?"

"असतात."

मी आतून इतकी घाबरले होते की खुर्चीचा हात सोडवत नव्हता. समोरच्या आरशात बघितलं तर एक शांत बाई बसली होती.


२१ फेब्रुवारी

आवारात फोन करून ताप आहे म्हणून सांगितलं. खरं सांगायला तोंड उघडेना.

पहिली गोळी घेतली. दिवसभर हाताकडे बघत बसले. भिंगरीनं विचारलं, "मलाही होईल का?" बाई म्हणाल्या होत्या की सहसा असं आईकडून मुलीकडे येत नाही, तेच सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली. उशी न ठेवता.


२४ फेब्रुवारी

आज सकाळी आवारात गेले. युनिफॉर्म घालूनच गेले, का ते माहीत नाही. मावशी माझ्या बसच्या सीटा पुसत होत्या. "आलीस! ताप उतरला? बदली माणूस फार दणके देतो गं, पोरं कुरकुरतात."

मी थेट बसगाड्यांचा कारभार बघणाऱ्या साहेबांच्या केबिनमध्ये. चार वाक्यांत सांगून टाकलं. साहेब वाईट माणूस नाहीत. उठून दार लोटलं, चहा मागवला. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "हे बघा, तोंडावर परीक्षा आहेत. नवा माणूस आणू कुठून? बदलीचाही आजपर्यंतच आहे, आणि आज तोही आलेला नाही. तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. औषध चालू झालंय ना? परीक्षा संपेपर्यंत ओढा. तुम्ही बोलू नका, मी बोलत नाही. कुणाला कळतंय?"

खरं लिहायचं तर माझ्या तोंडात "बरं" आलं होतं. अगदी जिभेवर. बाहेर माझी बस उभी होती. मला तिच्या इंजिनाचा आवाज शेजारणीच्या आवाजासारखा ओळखीचा. परीक्षा संपेपर्यंतच तर. क्लच, दुसरा, आरसा, वळण, म्हणत म्हणत जाईन. आणि मग पाण्याच्या टाकीचं वळण डोळ्यांपुढे आलं. सायकलवाला नव्हता. ती छोटी होती, रागावलात का म्हणून विचारणारी, आणि ती रस्त्यात होती.

मी डावा हात साहेबांच्या टेबलावर ठेवला, पेनांच्या स्टीलच्या पेल्याला टेकून. थोड्याच वेळात पेनं खुळखुळायला लागली.

साहेब बघत राहिले. "थांबवा की," म्हणाले.

"थांबत नाही साहेब."

पेनं वाजत होती. चहा घेऊन आलेला माणूस दारातच उभा राहिला. मग साहेबांनी पेला उचलून बाजूला ठेवला, अगदी सांभाळून, आणि हात पुढे केला. मी माझ्याकडची बसची किल्ली दिली. माझ्या हाताची ऊब तिला होती, ती त्यांना लागली असेल.

बाहेर येऊन साहेब स्वतःच चालकाच्या सीटवर चढले. सीट मागे सरकवायला त्यांना बराच वेळ लागला. मावशी खिडकीतून माझ्याकडे बघत होत्या, हातातलं फडकं तसंच. मी खालून म्हटलं, "टाकीच्या वळणाला लवकर गिअर टाका." साहेबांनी मान हलवली. बस फाटकातून बाहेर पडली. मागून ती कशी दिसते ते मी आजवर कधी बघितलंच नव्हतं. केवढी मोठी आहे.

मग मला कुठं जायचं ते कळेना. या वेळेला मी रस्त्यावर पायी कधी नसतेच. चालत निघाले. डावा हात हलतोय का बघायचं नाही असं ठरवलं आणि सारखं तेच बघत होते. भीती कुठंही गेलेली नाही. ती माझ्याबरोबरच चालत होती. उद्या काय, वर्षानं काय, बटणं लावता येतील का, भिंगरीच्या लग्नात मी हसले तर लोकांना दिसेल का, एकामागून एक येत होतं.

पाय आपोआप यांच्या दुकानाकडे वळले. हे एका गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत होते. मला युनिफॉर्ममध्ये दारात बघितलं आणि टेप हातातच राहिली. मी म्हटलं, "किल्ली देऊन आले."

यांनी स्टुलावरचं कापड उचललं, स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाले, "बस."

मी एक क्षण बघत राहिले आणि मला हसू फुटलं. आवरेचना. गिऱ्हाईक हात पसरून तसंच उभं, एकदा माझ्याकडे, एकदा यांच्याकडे बघतंय. यांना कळायला जरा वेळ लागला. मग जीभ चावली. "अगं, तसं नाही, मी म्हणत होतो की..."

"कळलं हो," मी म्हटलं, आणि बसले.